मक्याच्या लाह्यांचा काय दोष?

पत्र थोडक्यात असं: घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४१, नोकरी ऐरोलीला. ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरून पुढे बसने घरी पोचेपर्यंत रोज साडेआठ होतात. घरी १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, मिस्टर आणि सासूबाई. मुलं क्लासवरून साडेसहाला भुकेली येतात आणि मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्नचं पाकीट फुगवून खातात, आठवड्याला चार तरी पाकिटं होतात, एक साधारण पन्नास रुपयांचं. सासूबाईंचं म्हणणं असं की त्या मशीनमधलं काही खाऊ नका, कॅन्सर होतो, आणि हा मका म्हणजे नुसता कचरा. त्यात मिस्टरांची शुगर बॉर्डरलाइनवर आलीये आणि रात्री मॅच बघताना तेही पाकीट फोडतात. ताईंनी एक व्हिडिओ बघून मेडिकलमधून आलेल्या खाकी कागदी पिशवीत दाणे घातले, तोंडाला पिन मारली, पाच मिनिटं लावले, तेवढ्यात कुरिअरवाला आला, परत येईपर्यंत पिशवी काळी आणि किचनभर धूर. तेव्हापासून मायक्रोवेव्ह बंद, दार उघडलं की जळका वास येतो. विचारतायत की पॉपकॉर्न घरातून कायमचा बंद करू, की ते महागातलं 'हेल्दी' लिहिलेलं पाकीट आणू, की अडीच हजारांचं पॉपकॉर्न मशीन घेऊन टाकू?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मोजलं, "माझंच चुकतंय" हे त्यात तीन ठिकाणी आलंय. पॉपकॉर्नचं सगळं सविस्तर बोलूच, पण आधी हे की साडेसहाला मुलांना भूक लागणार, तुम्ही तेव्हा ऐरोली स्टेशनलासुद्धा पोचलेल्या नसणार, आणि त्या दोन तासांत मुलं आपल्या हाताने काहीतरी करून खातात, यात चुकण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि धाकट्या बहिणीला करून देतोय, हे किती चांगलं आहे. फक्त तो जे फुगवतोय ते बदलू या. तुम्ही तीन पर्याय दिलेत, मला त्यातला एकही घ्यावासा वाटत नाही, आणि का ते सांगते.

सासूबाईंपासून सुरू करते, कारण त्यांना ही गोष्ट आपल्या दोघींपेक्षा जास्त माहीत असणार. पॉपकॉर्न म्हणजे मक्याच्या लाह्या, बस. माझ्या आजोळी नागपंचमीच्या आधी ज्वारीच्या लाह्या व्हायच्या. आजी ज्वारीवर कढत पाणी ओतून लगेच निथळायची, ओलसर ज्वारी फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायची, सकाळी सावलीत जरा पसरायची आणि मग ते गाठोडं घेऊन आम्ही भट्टीवर. भट्टीवाला तापलेल्या वाळूत मूठभर टाकायचा, भराभर हलवायचा की क्षणात पांढरं शुभ्र, मग चाळणीतून वाळू खाली आणि न फुटलेले गणंग वेगळे. मी विचारायचे की कोरडी ज्वारी का नाही नेत, तर आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, ज्वारीला आधी पाणी पाजावं लागतं, मग ती फुलते. आजीने हे कुठे वाचलेलं नव्हतं पण मक्याचंही अगदी हेच आहे बघा. पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं आणि वरचं साल एकदम टणक. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, साल तिला बाहेर पडू देत नाही, दाब वाढत वाढत बाहेरच्या हवेच्या नऊपटीपर्यंत जातो आणि १८० डिग्रीच्या आसपास साल फुटतं, आतला मऊ झालेला स्टार्च फेसासारखा बाहेर येतो आणि हवा लागली की तसाच कडक होतो. झाली लाही. यात बाहेरून काहीही घातलेलं नाही, साधं आख्खं धान्य आहे, सालासकट. १०० ग्रॅम नुसत्या लाह्यांत १४-१५ ग्रॅम फायबर असतं आणि १२-१३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे साडेसहाच्या भुकेला बिस्किटाच्या पुड्यापेक्षा किंवा वेफर्सपेक्षा कितीतरी बरं. त्याला कचरा म्हणणं मला पटत नाही, आणि सासूबाईंना 'पॉपकॉर्न' न म्हणता 'मक्याच्या लाह्या' म्हणून वाटीत घालून दिलंत तर त्यांनाही कदाचित पटणार नाही.

मग पाकिटात बिघडतं काय, तर लाहीवर जे ओतलेलं असतं ते. आत्ता घरात पाकीट असेल तर मागची बाजू वाचा. आपल्याकडे लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. बऱ्याच पाकिटांवर मक्याच्या लगेच पाठोपाठ पामतेल असतं, मग मीठ, मग बटरचा वास आणणारे फ्लेवर आणि रंग. दुसरं बघायचं म्हणजे आकडे कशाचे दिलेत, कारण कॅलरी आणि सोडियम (म्हणजे मिठाचा हिशोब) कधीकधी एका सर्व्हिंगचे मोठ्या अक्षरात दिलेले असतात आणि सर्व्हिंग असतं ३० ग्रॅमचं, आणि आपण तर आख्खं पाकीट संपवतो. दिवसाला एका मोठ्या माणसाने एकूण ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं डब्ल्यूएचओ सांगते, म्हणजे भाजी, आमटी, लोणचं, पापड, सगळं धरून एक छोटा चमचा, त्यात हे पाकिटातलं मीठ वर पडतं. 'हेल्दी' किंवा 'लाइट' लिहिलेल्या पाकिटालाही हीच परीक्षा लावा, पुढचं चित्र नको, मागची यादी. एखादं खरंच चांगलं निघेलही, पण मग त्यात मका आणि थोडं मीठ एवढंच असणार आणि ते दोन्ही तुमच्या किचनमध्ये दहा रुपयांत होतं.

पाकिटाच्या कागदाबद्दलही तुम्ही विचारलंय, कोणीतरी ग्रुपवर पाठवलं म्हणून. त्यात तथ्य आहे पण जेवढं घाबरवतात तेवढं नाही. तेल झिरपू नये म्हणून अशा कागदांना पीएफएएस नावाच्या रसायनांचा थर द्यायची पद्धत होती, ती रसायनं शरीरात आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकून राहतात. अमेरिकेत एफडीए या तिथल्या अन्न-औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की अन्नाच्या कागदी पॅकिंगसाठी अशी रसायनं तिथे आता विकली जात नाहीत. आणि ते 'पॉपकॉर्न लंग' वगैरे जे फिरतं, ते २००० साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात जॅस्पर नावाच्या गावातल्या पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांबद्दल आहे, डायअसिटाइल नावाचं बटरच्या वासाचं रसायन, त्याची गरम वाफ रोज छातीत जाऊन त्यांच्या फुप्फुसांचं फार नुकसान झालं होतं, मोठ्या कंपन्यांनी नंतर ते वापरणं बंद केलं. घरी आठवड्याला चार पाकिटं खाणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे, झालं ते झालं, त्यावरून रात्रीची झोप घालवू नका. पण घरी काचेच्या बाउलमध्ये केलं तर हा कागदही नाही आणि तो वासही नाही, विषयच संपतो.

आता मायक्रोवेव्ह आणि कॅन्सर. सासूबाईंची भीती खोटी ठरवायला जाऊ नका, नातवंडांची काळजी आहे म्हणून त्या बोलतात. त्यांना एवढंच सांगा की ट्यूबलाइट बंद केली की खोलीत प्रकाश उरत नाही ना, तसंच दार उघडलं की मशीन लगेच बंद पडतं आणि आत काही शिल्लक राहत नाही, अन्नात तर नाहीच नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी एक्सरेसारख्या नसतात, त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता येते, झालं. दारावर जी बारीक भोकांची जाळी दिसते ती लहरी आत अडवायलाच आहे, त्यामुळे दार वाकलं असेल, नीट बसत नसेल, काच तडकली असेल तर मात्र दुरुस्त केल्याशिवाय वापरायचं नाही, हे खरंच पाळा. आणि एक गंमत म्हणून त्यांना सांगा की १९४५ मध्ये पर्सी स्पेन्सर या अमेरिकन इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या यंत्रासमोर वितळलं आणि त्याने मग मुद्दाम जे पदार्थ त्या लहरींसमोर धरून बघितले त्यात अगदी सुरुवातीला मक्याचे दाणेच होते. म्हणजे मायक्रोवेव्हचा जन्मच लाह्या फोडत झालाय म्हणा ना.

तुमची पिशवी का जळली तेही सांगते, कारण अशी पत्रं आधीही आलीत आणि सगळे स्वतःलाच दोष देतात. त्या व्हिडिओतली पिशवी बहुतेक स्वयंपाकासाठीची कोऱ्या कागदाची असणार. आपल्याकडे दुकानातून येणारी खाकी पिशवी बरेचदा रद्दीपासून केलेली असते, तिच्यात काय काय मिसळलंय सांगता येत नाही, ती मायक्रोवेव्हमध्ये पेट घेऊ शकते. त्यावर तुम्ही पिन मारली, धातू आहे तो, तिथे ठिणगी उडते. आणि पाच मिनिटं हा आकडा त्यांच्या मशीनचा होता, ७०० वॉटच्या मशीनला जे साडेचार मिनिटांत होतं ते ९०० वॉटच्या मशीनमध्ये तेवढा वेळ ठेवलं तर करपणारच. वर्तमानपत्राची पुडी करून तर कधीच नको, त्याच्या शाईत शिसं वगैरे असतं म्हणून खाण्याच्या वस्तूला वर्तमानपत्र लावायला एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मनाई केलेली आहे, वडापावलासुद्धा. म्हणून माझं मत, कागदाच्या भानगडीतच पडू नका.

काचेचं बाउल घ्या, बोरोसिलची वगैरे जी मायक्रोवेव्हला चालणारी जाड काच येते ती, साधारण दोन-अडीच लिटरचं, तुमच्याकडे बिर्याणीसाठी वगैरे असेलच. त्यात पाव कप दाणे, म्हणजे मुलाची मूठभर, ४५-५० ग्रॅम. बाउलच्या तळाला दाण्यांचा एकच थर बसला पाहिजे, दाण्यावर दाणा नको. एक छोटा चमचा तेल, चिमूटभर हळद, बोटांनी चोळून सगळ्या दाण्यांना लागू द्या. तेल न घालताही लाह्या फुटतात, पण तेलाने उष्णता सारखी लागते आणि नंतर मसाला धरतो, चमचाभर तेलाच्या ४०-४५ कॅलरी म्हणजे काही जगबुडी नाही. वर साधी चिनीमातीची ताटली पालथी झाका. सोनेरी कडेची नको, ती कड ठिणग्या मारते, आणि मेलामाइनची नको, ती मायक्रोवेव्हसाठी नसतेच. झाकण हवाबंद बसणारंही नको, वाफ जायला फट हवी. प्लॅस्टिकचं बाउल 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं असलं तरी यासाठी वापरू नका, तेल लागलेला दाणा इतका तापतो की त्या जागी प्लॅस्टिक वितळून खड्डा पडतो, मी स्वतः पाहिलंय. कन्व्हेक्शनवालं मशीन असेल तर आतली जाळी बाहेर काढा, फक्त मायक्रो मोड, फुल पॉवर, आणि वेळ लावा पाच मिनिटांचा, पण पाच मिनिटं थांबायचं नाही, थांबायचं कानाने.

हा कानाचा भाग मुलाला नीट शिकवा, सगळं यातच आहे. पहिली दीड-दोन मिनिटं काहीच होत नाही, नुसती घरघर, आणि नेमकं तेव्हाच माणूस कंटाळून दुसरीकडे जातो. मग एक फट्, थोड्या वेळाने दुसरा, आणि मग एकदम तडतड सुरू होते की वेगळे आवाज ओळखूच येत नाहीत. ती तडतड विरळ व्हायला लागली की मोजायचं, दोन आवाजांच्या मध्ये "एक, दोन" म्हणून झालं की बंद. तेव्हाही तळाला दहा-पंधरा गणंग राहतील, राहू देत, ते फुटावेत म्हणून आणखी मिनिट दिलं की वरच्या फुललेल्या लाह्या करपतात, आणि गणंग परत लावून काही उपयोग नसतो, त्यांच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. मायक्रोवेव्हवर 'पॉपकॉर्न' नावाचं बटण असतं ते पाकिटाच्या अंदाजाने केलेलं असतं, बाउलला त्याचा हिशोब जुळत नाही. आणि ही चार मिनिटं तिथून हलायचं नाही, घराची बेल वाजली तर आधी स्टॉप, मग दार.

बाउल भयंकर तापतं, साधं वरण गरम केल्यासारखं नाही, म्हणून दोन्ही हातांत जाड कापड किंवा ओव्हनचे हातमोजे, ताटली उचलताना आपल्या चेहऱ्यापासून लांबच्या बाजूने, कारण वाफ बाहेर येते. बाउल ओल्या ओट्यावर ठेवायचं नाही, गरम काच थंड ग्रॅनाइटवर आणि त्यात पाणी, तडकू शकते, पोळपाटावर किंवा घडी केलेल्या कोरड्या टॉवेलवर ठेवा. आणि लगेच ताटली काढून दोन मिनिटं उघडं राहू द्या, नाहीतर त्याच वाफेने लाह्या चिवट होतात, लोक म्हणतात घरचे पॉपकॉर्न कुरकुरीत होत नाहीत, ते बहुतेक वेळा याच्यामुळे. पहिले दोन-तीन रविवार तुम्ही सोबत उभ्या राहा, मग तो एकटा करेल. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र अजून बाउल काढू देऊ नका, तिला मसाला द्या घालायला.

मसाल्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मुलं घरच्या लाह्या नाकारतात ती इथेच. जाडं मीठ लाहीला धरत नाही, तळाला जाऊन बसतं, मग आपण अजून घालतो. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून एका छोट्या डबीत भरून ठेवा, पाव चमचा आख्ख्या बाउलला पुरतं. लिंबू पिळू नका, लाह्या बसतात, आंबटपणाला आमचूर घाला. आणि मग आपल्या घरात काय काय असतं बघा, कोरडी लसणाची चटणी, मेतकूट, चाट मसाला, काळं मीठ आणि जिरेपूड, वाळवलेल्या पुदिन्याची पूड. माझ्या घरी मेतकुटाचं सगळ्यात आधी संपतं, गरम लाह्यांवर अर्धा चमचा पातळ तूप फिरवून, वर मेतकूट आणि मीठ, बाउलवर ताटली धरून जोरात हलवायचं. बटरच हवं असेल तर खरं लोणी वापरा, चमचाभर, त्या पाकिटातल्या वासापेक्षा केव्हाही बरं. मुलांना पाकिटाची चव लागलेली असते, ती एका दिवसात सुटत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे अर्धं पाकीट आणि अर्ध्या घरच्या लाह्या एकत्र करा, मग पाव. एकदम बंद केलंत तर क्लासच्या खालच्या दुकानातून आणून खातील, आणि ते तुम्हाला कळणारही नाही.

पैशाचं गणित सोपं आहे. सुटा पॉपकॉर्नचा मका मी गेल्या वेळी जांभळी नाक्याच्या किराणा दुकानातून किलो १४० रुपयांनी आणला, तुमच्याकडे वीसेक रुपये इकडे तिकडे असेल. म्हणजे ५० ग्रॅमचे ७ रुपये, तेल-मसाला रुपया-दीड रुपया, चार मिनिटांची वीज युनिटचा दहावा हिस्सासुद्धा होत नाही. सगळं मिळून दहाच्या आत आणि बाउल भरतं दीड लिटरच्या आसपास. तुमचं आत्ता महिन्याला आठशेच्या वर जातंय ते दीडशे-पावणेदोनशेवर येईल. म्हणूनच मशीनला माझा नकार आहे, ते गरम हवेवर छान लाह्या करतं, वाईट काही नाही त्यात, पण फ्लॅटच्या ओट्यावर त्याला जागा कुठे आणि तेच काम घरात आधीच असलेलं बाउल करतंय. लाइट गेली तर जाड बुडाची कढई आणि झाकण, चमचाभर तेलात तीन दाणे टाकायचे, ते फुटले की बाकीचे, मधूनमधून कढई हलवायची, मंद-मध्यम आच.

मका आणताना मात्र "पॉपकॉर्नचा मका" असं सांगूनच मागा. तो वेगळा वाण आहे, दाणा लहान, गोलसर आणि टणक. स्वीटकॉर्न वाळवून किंवा कोंबड्यांना घालतात तो पिवळा मोठा मका फुटत नाही, साल दाब धरू शकत नाही त्याचं, मला एका वाचकाने वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून पाच किलो आणून फसल्याचं कळवलं होतं, ते सगळं दळून आणावं लागलं त्यांना. एकदम पाच किलो आणूच नका, एक किलो आणा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवू नका कारण तिथे दाणा सुकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात उलट होतं, बरणी उघडी राहिली की दाणा दमट होतो आणि लाही बारकी, चिवट फुटते, असे दाणे एखादा तास उन्हात नाहीतर पंख्याखाली पसरून बघा. आणि जुन्या दाण्यांतून गणंगच जास्त निघायला लागले तर आजीचा उपाय, किलोभर दाण्यांवर दीड-दोन मोठे चमचे पाणी शिंपडून बरणी बंद, दिवसातून दोन-तीनदा हलवायची, तीन-चार दिवसांनी परत करून बघा.

मिस्टरांच्या शुगरबद्दल. लाही आख्खं धान्य असली तरी धान्यच आहे, पिष्ट त्यात आहेच, म्हणून टीव्हीसमोर बाउल घेऊन बसायचं नाही, एक मोठी वाटी मोजून घ्यायची आणि त्यात मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे मिसळायचे, पोटाला आधार राहतो आणि शुगर एकदम चढत नाही. पन्नास ग्रॅम दाण्यांच्या साधारण १९० कॅलरी होतात, तिघांत वाटलं तर प्रत्येकी ६५च्या आसपास, अधिक तेल. कॅरमेलवालं मात्र त्यांच्यासाठी पूर्ण बंद, ते लाहीच्या नावाखाली गोळ्या-चॉकलेट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली तेव्हा सुट्या मीठ-मसाल्याच्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकीटबंदला १२ आणि कॅरमेलवाल्याला मिठाईसारखं धरून १८ असं स्पष्ट केलं होतं, लोकांनी त्यावर खूप विनोद केले, पण ते तीन वेगळे पदार्थ आहेत हे मला तरी बरोबर वाटलं, आपणही घरात तसंच धरावं. त्यांचं जेवणाचं वेळापत्रक आणि बाकी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सासूबाईंना कवळी असेल किंवा हिरड्या दुखत असतील तर मक्याची सालं टोचतात आणि अडकतात, त्यांच्यासाठी साळीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या आणून ठेवा, दुधात किंवा ताकात भिजतात. आणि रविवारी नणंदेचा अडीच वर्षांचा मुलगा येतो म्हणून लिहिलंत, त्याला एकही दाणा नको. चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात लाही किंवा गणंग अडकू शकतो, हे मी घाबरवायला म्हणत नाही पण यात सूट नाही, तो घरात असेल तेव्हा बाउल खाली सतरंजीवर ठेवायचंच नाही.

राहिला तो जळका वास. आतली काचेची फिरती ताटली आणि खालची चाकांची रिंग काढून भांड्याच्या साबणाने धुवा. एका काचेच्या भांड्यात दोन कप पाणी, लिंबाच्या चार फोडी, त्यात एक लाकडी चमचा उभा ठेवा म्हणजे पाणी एकदम उसळणार नाही, तीन-चार मिनिटं लावा आणि बंद झाल्यावर दहा मिनिटं दार उघडू नका. मग आतल्या भिंती, छत, दाराची कड मऊ फडक्याने पुसून घ्या, तो पिवळा चिकट थर निघून येईल, वास त्याचाच असतो. एकदा करून नाही गेला तर परत करा, आणि रात्रभर वाटीत खायचा सोडा ठेवून द्या. आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक चौकोनी तुकडा दिसेल, तो अभ्रकाचा असतो, तो काढून टाकायचा नाही, हलकेच पुसायचा, त्यावर काळं भोक पडलं असेल तर मेकॅनिककडून बदलून घ्या आणि तोवर मशीन चालू करू नका. सगळं कोरडं झालं की मुलाला हाक मारा, पाव कप दाणे मोजायला लावा, दोघं तिथेच उभं राहून ऐका, आणि मध्येच कुरिअरवाला आला तर दार सासूबाईंना उघडू द्या.